अर्धं बॉनेट माझं, अर्धं तुमचं

त्याने आमच्या दुकानात पहिलं पाऊल टाकलं आणि पहिला हात टाकला तो नेमका ओल्या वॅक्सवर.

चांगला पंजा टाकला. पाचही बोटं पसरून, आरामात रेलून, जणू गाडी त्याच्या घरचीच. त्या लाल गाडीच्या दारावर मी नुकतंच वॅक्स फिरवलं होतं. ते सुकून पांढरट धुकं धरेपर्यंत दहा मिनिटं गाडीजवळ कुणी फिरकायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. तो नियम गिऱ्हाइकांना पाठ आहे, आणि एकदा चुकून आत शिरलेल्या पोस्टमनलाही मी तो शिकवला आहे.

"मालक आहेत का?" त्याने विचारलं.

"हात काढा."

"अं?"

"गाडीवरचा हात. सरळ उचला, ओढू नका."

त्याने हात उचलला. दारावर त्याचा पंजा उमटला, रेषांसकट. मग त्याने स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. पांढरा शर्ट, इतकी कडक इस्त्री की वाकला तर घडीचा आवाज यावा. कोपरापर्यंत वॅक्स लागलं होतं.

"निघेल ना हे?" तो म्हणाला.

"गाडीवरचं निघेल. शर्टाचं तुमच्या इस्त्रीवाल्याला विचारा."

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला मी दोन वाक्यांत दाराबाहेर काढते. हसणाऱ्याचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही.

हा इस्त्री. पुढे घरात सगळे त्याला याच नावाने ओळखायला लागले.

माझं सांगते. दुकान काकांचं. बाबांचे धाकटे भाऊ. पुढे गाड्या धुवायची जागा, मागे पॉलिशची खोली. काकू काऊंटर सांभाळते आणि मागची खोली मी. एकोणिसाव्या वर्षी सुट्टीत मदतीला म्हणून आले आणि सात वर्षं झाली, परत गेलेच नाही. कुठल्या रंगाला कुठलं वॅक्स, कुठे मशीन चालवायचं, कुठे नुसतं बोट फिरवायचं, हे काकांनी शिकवलं आणि हातांनी लक्षात ठेवलं. गेल्या वर्षी काकांचा खांदा धरला. तेव्हापासून त्यांच्या हाताला मशीन पेलत नाही, आणि मी एकटी किती दिवस पुरणार, या विचाराने त्यांच्या जिवाला घोर लागला.

म्हणूनच त्यांनी इस्त्रीला बोलावलं होतं. मला न सांगता.

"कंपनीकडून आलोय," त्याने काऊंटरवर एक बाटली ठेवली. तळहाताएवढी, आत पाण्यासारखं काहीतरी. "हे कोटिंग. एकदा लावलं की दोन वर्षं बघायला नको."

"काय बघायला नको? गाडी?"

"वॅक्स." त्याने माझ्या फळीकडे नजर टाकली. तिथे माझे डबे ओळीने मांडलेले होते. काळ्या गाड्यांसाठी मेणाचं घट्ट वॅक्स, पांढऱ्यांसाठी पातळ, जुन्या रंगासाठी मऊ पॉलिश, फारच दुखावलेल्यांसाठी खरखरीत. "दर दोन महिन्यांनी हे घासत बसायचं. कोटिंगला ती कटकट नाही."

कटकट. माझ्या सात वर्षांना त्याने एका शब्दात गुंडाळलं.

काकांनी मग घसा साफ करून खरं काय ते सांगितलं. कंपनी नवी मशीन देणार, पाटी देणार, आणि स्वतःचा शिकवलेला माणूस देणार. तो माणूस मागच्या खोलीत काम करणार. मी पुढे, काकूशेजारी, काऊंटरवर.

"बसून काम, सावलीत," काका म्हणाले. "तुझेही हात सुटतील या घासाघाशीतून."

"माझे हात मी कधी तक्रारीला पाठवले होते तुमच्याकडे?"

काकूने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. आणि मी, नाकावरचा राग नाकावरच ठेवून, इस्त्रीकडे वळले.

"तुमची गाडी कुठली? बाहेरची करडी? तिला हेच कोटिंग आहे?"

"हेच. कंपनीच्या माणसाने लावलंय."

मी बॅटरी घेतली, बाहेर गेले, त्याच्या बॉनेटवर प्रकाश धरला. गोल गोल ओरखडे, कोळ्याने जाळं विणल्यासारखे. "काथ्याने पुसता का गाडी?"

"मऊ फडक्याने." तो खाली वाकून बघत होता. गोंधळला होता बिचारा. "हे मला कधी दिसलं नव्हतं..."

"प्रकाश तिरका धरला की दिसतं." मी बॅटरी बंद केली. "काका, तुमच्या काळ्या गाडीचं बॉनेट द्या मला. मधोमध चिकटपट्टी लावते. अर्ध्यावर माझं वॅक्स, अर्ध्यावर यांचं पाणी. आठ आठवडे. ज्याची बाजू टिकेल त्याची मागची खोली."

काळा रंग काही लपवत नाही. म्हणून तर मी तो मागितला. काकांनी इस्त्रीकडे पाहिलं, इस्त्रीने माझ्याकडे.

"बाजू कोण निवडणार?" त्याने विचारलं.

"मी. भिंतीकडची."

विशेष विचार काही नव्हता. काकांची गाडी अंगणात कुंपणाच्या उंच भिंतीला लागून उभी असते, मी नेहमी भिंतीकडून काम करते, एवढंच. त्याला रस्त्याकडची बाजू मिळाली. या एका वाक्याने पुढे किती तमाशा होणार होता, हे तेव्हा कळलं असतं तर मी नाणं उडवलं असतं.

*

दुसऱ्या दिवशी बॉनेट तयार केलं. मीच केलं, दोन्ही बाजूंचं. धुतलं, चिकणमातीच्या मऊ गोळ्याने रंगात रुतलेली धूळ ओढून काढली, मग पॉलिश. इस्त्री हात मागे बांधून उभा. हात कुठे ठेवायचे, एवढं तरी तो शिकला होता.

"पॉलिश आणि वॅक्समध्ये फरक काय?" त्याने विचारलं.

मी मशीन थांबवलं. "तुम्ही हे विकता ना?"

"मागच्या महिन्यापर्यंत पाण्याचे पंप विकत होतो." एवढं निरागस खरं बोलणारा विक्रेता मी पहिल्यांदा बघितला. "पुस्तिका पाठ आहे. पण पुस्तिकेतलं कळतंच असं नाही."

"पॉलिश काढतं, वॅक्स घालतं. पॉलिशने रंगावरचा बारीक पापुद्रा निघतो, त्याच्याबरोबर ओरखडे जातात. म्हणून ते जपून करायचं, सारखं नाही. वॅक्स वर बसतं आणि ऊन, पाणी, पक्ष्यांची घाण आपल्या अंगावर घेतं. लोक दर रविवारी पॉलिश घासतात आणि समजतात, गाडीवर माया करतोय. रंग मात्र झिजत जातो."

"आणि हे काय करताय?" मी आधी बॉनेटच्या अगदी कोपऱ्यात, काचेजवळ, दोन बोटांएवढ्या जागेवर पॉलिश करून बघत होते.

"आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं. रंगाला मानवलं तर पुढे."

"माणसांनाही असंच?"

"माणसांना जास्त वेळ लागतो."

"म्हणजे मी सध्या काचेजवळ आहे."

मी मशीन सुरू केलं. मशीनचा एक फायदा असतो, त्याच्या आवाजात आपल्या चेहऱ्यावर काय झालं ते कुणी विचारत नाही.

मग पट्टी लावली. भिंतीकडे माझे वॅक्सचे दोन हात, रस्त्याकडे त्याचं कोटिंग. आणि सोमवार सुरू झाले.

दर सोमवारी सकाळी तो यायचा. आम्ही बॉनेट धुवायचो, मग एकेक तांब्या पाणी दोन्ही बाजूंवर ओतायचो. वरचा थर जिवंत असेल तर पाण्याचे टपोरे, गोल थेंब उभे राहतात. थर मेला की पाणी पसरतं. एवढी सोपी परीक्षा, पण इस्त्री ती अशी घ्यायचा की बघत राहावं. गुडघ्यावर बसून, डोळे बॉनेटच्या पातळीला आणून, थेंब मोजायचा. त्याच्या भुवईवर उडालेलं पाणी तो पुसायचा नाही. मला ते पुसावंसं वाटायचं, आणि मी फडकं पिळत बसायचे.

तिसऱ्या सोमवारी माझ्या हातातून फडकं निसटलं. जमिनीवर पडलेलं फडकं गाडीला लावायचं नाही, वाळूचा एक कण पुरतो. ते पडायच्या आधीच आम्ही दोघांनी झेप घेतली. त्याने फडकं पकडलं आणि मी त्याचा हात.

"वाचलं," तो म्हणाला.

"हं."

"तुम्ही सोडलंत तर... बॉनेट पुसता येईल."

मी सोडला. जरा उशिरा सोडला, खोटं कशाला बोलू.

चौथ्या सोमवारी त्याच्या बाह्या वर दुमडलेल्या होत्या. पाचव्या सोमवारी तो स्वतःचं फडकं घेऊन आला, चौपदरी घडी करून. काकू चहाचे दोन कप बाहेर आणून ठेवायला लागली. पूर्वी ती मला हाक मारायची, 'आत ये, चहा निवतोय.' आता निवला तरी तिचं काही म्हणणं नसायचं.

"बॉनेट केवढं, आणि बघायला तास?" ती एकदा म्हणाली.

"बारकाईने बघावं लागतं."

"ते दिसतंय मला, कोण कशाला बारकाईने बघतंय."

आणि मी जिंकत होते. माझ्या बाजूचे थेंब पहिल्या दिवसासारखे गोल, त्याच्या बाजूचे किंचित पसरट. तो दर वेळी मान डोलवायचा. "मास्तरीणबाई, तुमचं वॅक्स भारी आहे." मला वाटायचं, हरतानाही माणूस किती छान दिसतो.

*

सहाव्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, वीज गेली. एरवी दुपारी मी मागच्या खोलीत, दिव्यांच्या उजेडात असते. त्या दिवशी तीन वाजता अंगणात येऊन बसले. आणि बघतच राहिले.

भिंतीची सावली गाडीवर पडली होती. अर्ध्या बॉनेटवर. बरोबर पट्टीपर्यंत, जणू सुताराने पट्टी धरून आखलेली. माझी बाजू गारव्यात, आणि त्याची बाजू कडक उन्हात. हात लावला तर चटका बसला. रोज दुपारी हेच, सहा आठवडे.

वॅक्सला काय मारतं, हे मी जगाला सांगत फिरते. उष्णता. आणि माझं स्वतःचं वॅक्स भिंतीच्या कुशीत निवांत पडलं होतं.

खरं सांगते, एक क्षण मनात आलं, गप्प बसावं. दोनच आठवडे उरले होते. खोली माझी झाली असती. पण मग आयुष्यभर त्या खोलीत काम करताना मला ती भिंत आठवली असती, आणि माझ्या हातांना मी काय सांगितलं असतं?

सोमवारी इस्त्री आला तसं मी त्याला सांगितलं. एका दमात. भिंत, सावली, चटका, सगळं.

तो फडक्याची घडी घालत राहिला. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पहिल्या आठवड्यात काकांना बाटली द्यायला दुपारी आलो होतो. तेव्हा दिसलं."

"आणि बोलला नाहीत?"

"खोली तुमची आहे..." तो चाचरला. "म्हणजे, तुमचीच असायला हवी. मला वाटलं, होतंय आपोआप तर—"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आपोआप? म्हणजे तुम्ही मला जिंकवत होतात? दर सोमवारी इथे गुडघ्यावर बसून थेंब मोजत होतात, भारी आहे भारी आहे म्हणत होतात, आणि मनात म्हणत होतात, बिचारीला जिंकू दे?"

"बिचारी असं मी कधी—"

"मला भीक नको. सात वर्षं मी हातांनी कमावलंय. भिंतीने दिलेलं नको, आणि तुम्ही दिलेलं तर मुळीच नको."

त्याने हातातलं फडकं बॉनेटवर ठेवलं आणि गेला. चहाचे दोन कप तसेच राहिले. मी दोन्ही प्यायले, रागात. दोन्ही गार होते.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, जिंकत होतीस की."

"भिंत जिंकत होती. मी पुन्हा करणार. गाडी अंगणाच्या मधोमध, दिवसभर उन्हात. आणि या वेळी आपापली बाजू आपणच तयार करायची, धुण्यापासून. कुणी कुणावर उपकार नाहीत."

"तो येईल का?"

"कंपनीचा माणूस आहे, येईल," मी म्हटलं. पण रात्रभर... जाऊ दे. झोप लागली नाही, एवढंच.

तो आला. पुढच्याच सोमवारी, कंपनीचं मशीन घेऊन. दोन गोष्टी सांगितल्या, उभ्या उभ्या. पहिली, कंपनीला त्याने स्वतः कळवलं होतं की आधीची परीक्षा चुकीची होती आणि हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यावरून त्याला बोलणी बसली होती. दुसरी गोष्ट, "चुकलं माझं. तुम्हाला जिंकवायची गरज आहे असं वाटलं, ते चुकलं. पुन्हा नाही होणार."

"बरं," मी म्हटलं. आणि बादली नळाखाली लावली.

दोन्ही अर्धे भाग आम्ही सगळं जुनं काढून कोरे केले. मग मी माझ्या बाजूला लागले, तीन पॉलिशं, मऊवर मऊ. तो त्याच्या बाजूला. पुस्तिका उघडी ठेवून, एकच जाड पॅड, एकच फेरी. मला मशीनच्या आवाजावरूनच कळत होतं की जोर जास्त होतोय. जीभ दातांखाली धरली.

"मला दिसतंय तुमचं तोंड," तो मान वर न करता म्हणाला. "पण पुस्तिकेत आहे तसंच करतोय. तुमच्याकडून शिकलेलं इथे वापरलं, तर ही बाजू कंपनीची राहणार नाही."

हे मात्र त्याने बरोबर केलं. त्याच्यावरचा माझा राग तिथेच निम्मा उतरला, आणि उरलेला निम्मा मी नुसता धरून ठेवला होता.

*

पुढचे सोमवार कमी बोलण्याचे गेले. ऊन मात्र कडक होतं. पहिले दोन आठवडे दोन्ही बाजू सारख्या. तिसऱ्या सोमवारी माझे थेंब पसरट झाले. चौथ्या सोमवारी मी तांब्या ओतला आणि माझ्या बाजूवर पाणी सरळ पसरून खाली ओघळलं. एकही थेंब उभा राहिला नाही. त्याच्या बाजूवर टपोरे मोती.

काका, काकू दोघं अंगणात आले होते.

"हरले मी," मी म्हटलं. कुणी दुसऱ्याने म्हणण्याआधी. मागच्या खोलीतले माझे डबे डोळ्यांसमोर आले, आणि त्या फळीवर आता दुसऱ्या कुणाचा हात फिरणार, हे.

इस्त्री आनंदला नव्हता. फडकं घेऊन तो बॉनेट पुसायला लागला, दोन्ही बाजू, हळूहळू. पाणी निघालं. सकाळचं ऊन तिरकं आलं. आणि इतके सोमवार नुसते थेंब बघत बसलेल्या मला आता दिसलं.

"थांबा," मी म्हटलं. "हात काढा."

त्याने हात उचलला, सरळ, न ओढता.

त्याच्या बाजूवर गोल गोल ओरखडे. बारीक, असंख्य, मशीनने जोरात एकच फेरी मारल्याचे. मी नखाने, फडक्याने, ओल्या बोटाने बघितलं. थराच्या वर काहीच नव्हतं. सगळं खाली होतं. पहिल्या दिवशी जे राहिलं, त्यावर कोटिंग बसलं आणि ते तसंच्या तसं आत बंद झालं. आणि माझी बाजू? पाणी पसरत होतं खरं, पण तीत काकूचा चेहरा दिसत होता, कपाळावरच्या आठ्यांसकट.

मी पळत रस्त्यावर गेले, त्याची करडी गाडी बघितली. तेच. काथ्या नव्हता, फडकं नव्हतं, कंपनीच्या माणसाचं मशीन होतं.

"ऐका," परत येऊन मी म्हटलं. धाप लागली होती, पण आवाज माझा स्वतःचा झाला होता. "कोटिंग टिकतं. माझ्या वॅक्सपेक्षा जास्त टिकतं, मान्य. पण ते जे खाली असेल तेच टिकवतं. ओरखडे असले तर ओरखडे, दोन वर्षं. तुमचा शिकवलेला माणूस मागच्या खोलीत बसवलात तर गावभरच्या गाड्या अशी जाळी घेऊन फिरतील आणि पाटी आमची असेल. काका, बाटली घ्या कंपनीची. मशीन घ्या. माणूस घेऊ नका. खालचं काम मी करणार, वर कोटिंगही मी लावणार, आणि आणखी दोघी-तिघींना शिकवणार, म्हणजे तुमचा घोर जाईल. खोली माझी."

काका खाली वाकले, एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. दुखरा खांदा विसरून हात फिरवायला गेले आणि कण्हले.

"हे माझ्या लक्षात यायला हवं होतं," ते म्हणाले. "तीस वर्षं घासतोय. खोली तुझी. आधीही तुझीच होती, मीच वेड्यासारखा... जाऊ दे." मग इस्त्रीकडे वळून म्हणाले, "कंपनीला चालेल?"

"त्यांना मी असंच कळवणार," तो म्हणाला. "उपकार म्हणून नाही. माझीच गाडी पुरावा आहे."

तो हसला. किती आठवड्यांनी.

*

पट्टी काढली. पूर्ण बॉनेट आम्ही दोघांनी केलं, खाली माझं पॉलिश, वर त्याचं कोटिंग. आठवडाभर ते मुरू दिल्यावर काका म्हणाले, वरून एक हात आपलं वॅक्सही लाव, त्या वासाशिवाय मला गाडी माझी वाटत नाही. गरज नव्हती, पण लावलं. काळ्या बॉनेटवर पांढरट धुकं धरायला लागलं. आम्ही दोघं अंगणात उभे, दहा मिनिटं कुणी हात लावायचा नाही.

"आता सोमवारी यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"नाही उरलं."

"बाटल्या पोचवायला महिन्यातून एकदा येईन. तेही... दुसऱ्या कुणाला पाठवता येईल."

मी त्याच्याकडे बघितलं. शर्ट पांढराच होता, पण इस्त्री कुठे नव्हती. बहुतेक फडक्यांचं गाठोडं छातीशी धरून आला होता.

"एक सांगू?" मी म्हटलं. "मनात एक ठेवून वर गुळगुळीत थर चढवायचा, याने काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय. तसंच आत बंद राहतं. तेव्हा काय आहे ते आत्ता बोला. का मी बोलू?"

त्याने हातातलं फडकं उलगडलं, पुन्हा घडी घातली. पंपांपासून कोटिंगपर्यंत सगळं विकलेला माणूस, आणि आता नुसत्या घड्या घालत होता.

"मीच बोलते. मला तुम्ही आवडता. तिसऱ्या सोमवारपासून, फडकं पकडलंत तेव्हापासून. भिंतीचं लपवलंत तेव्हा फार राग आला, कारण दुसऱ्या कुणाचं मला इतकं लागलंच नसतं. झालं. आता तुमचं."

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. आवाज अगदी हळू. "हात काढा म्हणालात ना, तेव्हापासून. मला वाटलं, ही बाई मला हात लावू देणार नाही कशालाच, आणि मला इथून जायचं नव्हतं. भिंतीचं का बोललो नाही, खरं सांगू? अर्धं तुमच्या खोलीसाठी होतं. आणि अर्धं... तुम्ही जिंकलात की तुम्ही किती छान दिसता, ते मला बघायचं होतं."

"मग बघितलंस?"

मला स्वतःलाच ऐकू आलं, मी 'बघितलंस' म्हटलं ते. त्यालाही ऐकू आलं. त्याचे कान लाल झाले.

"बघितलं," तो म्हणाला. "तू हरलीस तेव्हा जास्त. तेव्हा तू सगळ्यांच्या आधी बोललीस."

मी त्याचा हात धरला. या वेळी फडकं नव्हतं, निमित्त नव्हतं. सात वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्याचा पंजा उचलला आणि सरळ त्या धुक्यावर ठेवला, बॉनेटच्या मधोमध, जिथे पट्टी होती तिथे. शेजारी माझा ठेवला. गार, मऊ वॅक्स बोटांच्या मधून वर आलं.

"नियम?" तो कुजबुजला.

"कोपऱ्यात लावून बघितलं होतं. मानवलं."

दारात काकू आली, हातात चहाचे दोन कप. तिने बॉनेट बघितलं, आमचे हात बघितले, आणि कप तिथेच पायरीवर ठेवले.

"दहा मिनिटं झाली," ती म्हणाली. "पुसायचं नाही का ते?"

"राहू दे काकू," मी म्हटलं. "आज नाही पुसत."